मूर्खाचा घोट

१

‘एल रेमान्सो’ वृद्धनिवासात कुणी मरत नसे. तिथे माणसं ‘विश्रांती घेत’. हा शब्द संचालिका मिर्ता पिन्तोस यांनी घालून दिला होता. झोपलेले, गुंगीत पडलेले आणि कायमचे गेलेले अशा तिन्ही प्रकारच्या रहिवाशांना तो सारखाच लागू पडत असल्यामुळे घरात मोठी सोय झाली होती.

म्हणूनच त्या गुरुवारी मंत्रालयाच्या तपासनिसाला घेऊन मिर्ताबाई मागच्या अंगणात आल्या, तेव्हा संत्र्याच्या झाडाखाली वेताच्या खुर्चीत बसलेल्या डोन्या ओतिलिया मेलेल्या आहेत, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

“हे आमचं अंगण. आमचे आजी-आजोबा दुपारनंतर इथं हवा खातात,” मिर्ताबाई म्हणाल्या. केस नुकतेच करून आणलेले होते, त्यामुळे मान वळवताना त्या सबंध अंगच वळवत होत्या. तपासनीस तरुण होता आणि फाइल छातीशी ढालीसारखी धरून चालत होता.

मिर्ताबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि झाडापलीकडच्या सगळ्यांत मोठ्या खुर्चीकडे खूण केली. “ते डॉन अनिसेतो. जन्मभर नदीवर बोटी हाकल्या. या वेळी आजोबांना अगदी गाढ झोप लागते. नको उठवूया बिचाऱ्यांना.”

“कोण झोपलंय?” डॉन अनिसेतो गरजले.

नदीच्या या काठावरून पलीकडच्या अर्जेंटिनातल्या माणसाला हाक मारायची त्यांना सवय होती. गुडघ्यांवर पांघरूण, पांघरुणाखाली हात, आणि डोळे टक्क उघडे.

मिर्ताबाई दचकल्या. शेजारच्या खुर्चीतून डोन्या इर्मा एचार्तनं ते पाहिलं. मोठ्या आवाजाला माणूस दचकतो तसं ते दचकणं नव्हतं. माणसाऐवजी खुर्चीच बोलली असती, तर माणूस जसा दचकला असता, तसं होतं.

“साहेब, तुम्हीच ना मंत्रालयाचे? बसा. मला सहाच्या दुधाबद्दल बोलायचंय,” डॉन अनिसेतो म्हणाले. “या ओतिलियालाही बोलायचंय. इर्मा, उठव गं तिला.”

इर्मानं हात लांबवून ओतिलियाचा हात धरला. त्या हातावर ऊन पडलेलं होतं, पण आत ऊब नव्हती. इर्मा निवृत्त न्यायाधीश होती. असे हात तिनं नोकरीत पुष्कळ पाहिले होते.

“साहेब, फाइल उघडा,” ती म्हणाली. “या बाई विश्रांती घेत नाहीयेत. मेल्यात.”

२

शुक्रवारी येणारे डॉक्टर बारिओला त्या दिवशी गुरुवारीच आले आणि त्यांनी मरणाचं कारण ‘वय’ असं ठरवलं. या घरात हे कारण फार चाले. नव्वदी उलटलेल्या बाईच्या बाबतीत ‘वय’ या कारणाला कुणी पुरावा मागत नसे.

पण तपासनीस अडून बसला. त्याला सत्याची फार ओढ होती असं नव्हे. बाई नेमक्या त्याच्या भेटीत गेल्या होत्या आणि आपली सही कुठल्या कागदाखाली जाईल याची त्याला धास्ती होती. ओतिलियाला इस्पितळात नेलं. शनिवारी तिथून कळलं की पोटात गुंगीच्या औषधाचे थेंब सापडलेत. एखाद्या आडदांड पुरुषाला लोळवतील इतके. ओतिलिया तर चिमणीएवढी होती.

मग फौजदार दार्दो अल्मिरोन आले. साल्तोसारख्या गावात फौजदार आणि न्यायाधीश एकमेकांना चुकत नाहीत. तरुणपणी या अल्मिरोननं अर्धवट पंचनामे घेऊन इर्मासमोर उभं राहून घाम पुसला होता.

आता इर्मासमोर घाम पुसावा असं कुणाला वाटत नसे. न्हाणीघरात पाय घसरला, खुबा मोडला, स्पेनमधल्या भाच्यानं फोनवरून सगळी व्यवस्था लावली, आणि जिनं लग्नसुद्धा केलं नव्हतं ती इर्मा एका दुपारीत घरभराची ‘आज्जी’ झाली. “आज आपण आंघोळ केली का? आज आपल्याला शी झाली का?” असं मिर्ताबाई भर जेवणघरात विचारत. या ‘आपण’मध्ये नेमकं कोण कोण येतं, हे एवढा कायदा शिकूनही इर्माला उलगडलं नव्हतं. न्हाणीघरांच्या दारांना कड्या नव्हत्या; सुरक्षिततेसाठी. कवळ्या एकाच टोपलीत धुतल्या जात, स्वच्छतेसाठी. आणि सहा वाजता सगळ्यांना गोड, कोमट दूध मिळे, प्रेमापोटी. दुधानंतर थोड्याच वेळात घर चिडीचूप होई. बाहेर संत्र्यांवर अजून ऊन असे.

इर्मा आपलं दूध जिरेनियमच्या कुंडीत ओती. हल्ली संध्याकाळ झाली की जिरेनियमही मान टाकू लागलं होतं.

डॉन अनिसेतो दूध घेतच नसत. “आईनं अंगावरचं तोडल्यापासून मी त्या वस्तूला शिवलो नाही,” असं ते सांगत. त्यामुळे सगळं घर निजलं तरी ते जागे, व्हरांड्यात फेऱ्या मारत गात असायचे. त्यांचं गाणंही अर्जेंटिनापर्यंत जाई.

त्या गुरुवारी दुपारी अंगणात नेहमीसारखा माते झाला होता: वाळक्या तुंबडीत कडू सुका पाला, वर गरम पाणी, आणि तीच तुंबडी पुन्हापुन्हा भरून एकाच नळीनं सगळ्यांनी आळीपाळीनं प्यायचं. फौजदारांनी एकेकाला विचारून घेतलं. मिर्ताबाईंचं उत्तर तयारच होतं.

“साहेब, तुंबडीतला माते तर त्या दुपारी सगळ्यांनीच घेतला. एकच तुंबडी, एकच नळी. बाकीचे सगळे ठणठणीत आहेत की नाही? म्हणजे ओतिलियाआज्जींनाच तेवढं वेगळं काहीतरी पाजलं गेलं. पाणी ओतत होती येसेनिया. पहिली तुंबडी तिनंच आज्जींच्या हातात दिली. सगळ्यांनी पाहिलंय. परदेशी मुलगी, कुणाची कोण. औषधांच्या कपाटाची किल्लीही तिच्याकडे असते.”

“तुमच्याकडे नसते?”

“माझ्याकडे सगळ्याच किल्ल्या असतात. मी संचालिका आहे.”

कोपऱ्यातून इर्मा म्हणाली, “दार्दो, माझा जबाब घे.”

मिर्ताबाईंनी प्रेमळ हसून डॉक्टर बारिओलांचा एक कागद पुढे केला. मागे एकदा डॉक्टरांनी इर्माला विचारलं होतं, “आज वार कोणता?” ती म्हणाली होती, “इथं सगळे वार सारखेच, डॉक्टर. तुम्ही येता तो शुक्रवार.” त्यावर त्यांनी लिहून ठेवलं होतं: काळाचं भान नाही.

फौजदारांचे कान लाल झाले. “डोन्या इर्मा... असा कागद असताना तुमचा जबाब कोर्टात उभा राहायचा नाही. तुम्हाला मी काय सांगायचं?”

“मग जबाब नको घेऊस. मुलीला कधी नेणार?”

“उद्या दुपारी.”

“दुपारी मातेच्या वेळेला ये. आणि त्या तपासनिसालाही घेऊन ये.”

“कशाला?”

“रिकाम्या हातानं परत जायला,” इर्मा म्हणाली.

३

येसेनिया इस्त्रीच्या खोलीत चादरींच्या ढिगाआड रडत होती. ती सांतो दोमिंगोची. तिच्याकडे मोठी माणसं दिसली की लहानांनी आशीर्वाद मागायचा असतो. इथंही ती रोज सकाळी खोलीखोलीत जाऊन “आशीर्वाद द्या, डोन्या” म्हणे. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, हिला काहीतरी उसनं हवंय. मग सवय झाली. ओतिलिया तर तो आशीर्वाद द्यायला पहाटेपासून उठून बसे.

या घरात ओतिलियाला सगळं शेवटी मिळे. तिला नात्याचं कुणी नव्हतं, तक्रार करणारं कुणी नव्हतं, त्यामुळे आंघोळ शेवटी, सूप शेवटी, आणि कवळी टोपलीत उरेल ती. तिची स्वतःची कवळी आता बहुधा डॉन अनिसेतोंच्या तोंडात होती.

“रडू नकोस. नीट आठव,” इर्मा म्हणाली. “त्या दुपारी तू का ओतत होतीस? रोज तर अनिसेतो ओततो.”

“त्यांचा हात भाजला होता ना! जेवताना त्यांचा मुलगा कुठल्यातरी कागदावर सही मागत होता, मनगट धरून ओढत होता. सूप सांडलं हातावर. मीच पट्टी बांधली. मुलगा जवळच उभा होता, नुसता ‘सॉरी, बाबा’ म्हणत.”

“मिर्ताला सांगितलंस?”

“त्या केस करायला गेल्या होत्या. आणि सांगणार कशी? त्यांनीच बजावलं होतं, तपासणीच्या दिवशी काही पडलं, मोडलं, भाजलं तर मला कळवायचं नाही, संध्याकाळी बघू. म्हणून मी डॉन अनिसेतोंना हात पांघरुणाखाली ठेवायला सांगितला.”

“तुंबडीत पाला कुणी भरला?”

“त्यांनीच. जेवणाआधी भरतात आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून देतात. नंतर सगळ्यांची वामकुक्षी. मी इथं इस्त्री करत होते. मिर्ताबाई मधेच मागच्या दारानं आल्या, त्यांच्या केसांचा वास इथपर्यंत आला.”

पुढच्या प्रश्नाचं उत्तर काय येणार याची इर्माला शंका होती, आणि तेच यावं की येऊ नये हे तिचं तिला ठरवता येत नव्हतं.

“पहिली तुंबडी ओतिलियाला का दिलीस?”

“वयानं सगळ्यांत मोठ्या त्याच ना? आमच्याकडे मोठ्यांच्या आधी कुणी तोंड लावत नाही.”

“पण अनिसेतो रोज पहिली स्वतः पितो. तू बघतेस.”

“बघते की. पुरुषमाणूस, वयस्क, म्हणून पहिला मान त्यांचा, असंच मला वाटत आलंय.” येसेनियानं डोळे पुसले. “का? काही चुकलं माझं?”

इर्मा काठी उचलून दाराकडे वळली. या देशात ओतणारा पहिली तुंबडी स्वतः पितो. पहिल्या पाण्यात पाल्याची सगळी धूळ, सगळा कडवटपणा उतरलेला असतो. तो घोट पाहुण्याला द्यायचा म्हणजे उष्टं वाढण्यासारखं. त्याला म्हणतातच ‘मूर्खाचा घोट’. हे कुणी कुणाला शिकवत नाही, म्हणूनच येसेनियालाही कुणी शिकवलं नव्हतं. तिला एवढाच धडा मिळाला होता की तुंबडी परत देताना ‘ग्रासियास’ म्हणायचं नाही. आल्या आल्या ती प्रत्येक घोटाला सभ्यपणे आभार मानत राही आणि तिला दुसऱ्यांदा तुंबडी मिळतच नसे. शेवटी अनिसेतोंनी सांगितलं, “अगं बये, इथं तुंबडी परत देताना ग्रासियास म्हणजे ‘बास झालं, आता नको’!” त्यावर ओतिलिया कवळी निसटेपर्यंत हसली होती.

अनिसेतोंचा मुलगा फाटकापाशी फोनवर बोलत उभा होता. त्याचं नाव वॉशिंग्टन. या देशात लोक मुलांना थोरामोठ्यांची नावं देतात आणि मग वाट बघत बसतात.

“माझ्यावर संशय आहे का, डोन्या? त्या म्हातारीला मारून मला काय मिळणार?”

“काही नाही. बापाला झोपवून मिळालं असतं. झोपेत सही छान येते.”

“काहीतरीच काय! त्यांनी नाही म्हटलं, विषय संपला. मी आपला मॅच बघायला गेलो.”

“कोण जिंकलं?”

वॉशिंग्टन ओशाळला. “खरं सांगू? पाहुणा म्हणून दुसरी तुंबडी मला मिळाली. ती पिऊन सोफ्यावर बसलो तो जो आडवा झालो... गोल झाला तोही कळला नाही. इस्पितळाची गाडी आली तेव्हा उठलो. तुमच्या घराची हवाच तशी आहे.”

तिसरी तुंबडी इर्माची होती. त्या दुपारी तिच्याही पापण्या जड झाल्या होत्या आणि तिनं डॉक्टरांसारखंच त्याचं खापर वयावर फोडलं होतं. चौथी अनिसेतोंची, त्यांना एक जांभई आली. शेवटची येसेनियाची, तिनं त्यानंतर सबंध स्वयंपाकघर घासून काढलं.

इर्मा काठी टेकत अंगणात आली. डॉन अनिसेतो रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले होते.

“अनिसेतो, तपासनिसाला दुधाचं सांगणार आहेस, हे कुणाकुणाला माहीत होतं?”

“मी फक्त तुझ्या कानात कुजबुजलो होतो.”

“म्हणजे सगळ्या साल्तोला माहीत होतं.”

“का गं? ओतिलियाचा काय संबंध त्याच्याशी? कुणाच्या वाटेत आली होती ती? कोण मारेल तिला?”

“कुणीच नाही,” इर्मा म्हणाली. “ओतिलियाला मारायला कुणी निघालंच नव्हतं.”

“मग?”

“ते थेंब तुझे होते.”

४

दुसऱ्या दिवशी दुपारी संत्र्याखाली गोल करून सगळे बसले: फौजदार, तपासनीस, मिर्ताबाई, वॉशिंग्टन, अनिसेतो आणि इर्मा. अनिसेतोंना इर्मानं गप्प बसायची शपथ घातली होती, त्यामुळे ते दुखणं आल्यासारखे दिसत होते.

“येसेनिया,” इर्मा म्हणाली, “नवीन पाला भर आणि आम्हाला माते दे. तुला बरोबर वाटतं तसा.”

“आज्जी गं,” मिर्ताबाई म्हणाल्या, “साहेबांना कामं आहेत. आपण दमलोय, आपण जरा पडूया का?”

“तुम्ही पडा. मी बसलेय.”

येसेनियानं पाला भरला, नळी खोचली, थर्मासमधून पाणी ओतलं. मग तिनं गोलावरून नजर फिरवली, आणि अनिसेतोंपेक्षा इर्मा वर्षा-दोन वर्षांनी मोठी, हे ध्यानात घेऊन पहिली तुंबडी अदबीनं तिच्यापुढे धरली.

“अगं, काय करतेस!” फौजदार ओरडले.

“पहिला तू घ्यायचा असतो!” हा वॉशिंग्टन.

“एवढंही कळत नाही!” या मिर्ताबाई.

तपासनिसाचाही हात हवेत वर गेला होता.

इर्मानं तुंबडी घेतली, नळीला तोंड लावलं आणि तो कडू, धुळकट घोट संपवला. रिकामी तुंबडी परत देऊन ती म्हणाली, “दार्दो, तुम्ही तिघं ओरडलात. तिघंही इथले. हिला मात्र अजूनही कळलं नाही आपलं काय चुकलं. ओतिलिया गेल्यावरही, तू न्यायला आलेला असतानाही, हिनं पुन्हा तेच केलं. ज्यानं त्या पहिल्या घोटाचा सापळा म्हणून उपयोग केला असेल, तो तुझ्यासमोर असं करेल?”

“पण बाकीच्यांना काही झालं नाही,” फौजदार म्हणाले.

“झालं. कुणी विचारलं नाही. पहिली प्यायली ती मेली. दुसरा सोफ्यावर आडवा. तिसरी मी, पेंगुळलेली. चौथ्याला जांभई. शेवटची लख्ख जागी. औषध पाण्यात असतं तर सगळ्यांना सारखं मिळालं असतं. ते सुक्या पाल्यात होतं. पहिल्या पाण्यानं बहुतेक सगळं उतरलं. जिनं टाकलं तिला ते उतरायलाच हवं होतं, कारण पहिला घोट ओतणाऱ्याचा, आणि ओतणारा रोज अनिसेतो.”

मिर्ताबाई केस सावरू लागल्या. केसांना काही झालं नव्हतं.

“आता असा माणूस शोध, ज्याला आपला रिवाज माहीत आहे, पण त्या दुपारी अनिसेतोचा हात भाजल्याचं माहीत नाही. येसेनियाला रिवाज माहीत नाही, आणि पट्टी तिनंच बांधली. वॉशिंग्टनला रिवाज माहीत आहे, पण सूप त्याच्यामुळेच सांडलं. बाप आज ओतणार नाही हे त्याला कळत होतं. शिवाय त्यानं स्वतःच्या हातानं दुसरी तुंबडी घेतली. मूर्ख असेल, पण एवढा नाही.”

“थँक्यू,” वॉशिंग्टन म्हणाला.

“राहिली ती वामकुक्षीत मागच्या दारानं आली. खिडकीत भरलेली तुंबडी तिला दिसली. पट्टी दिसली नाही, कारण अपघात आपल्याला कळवू नयेत हा तिचाच नियम.”

“फौजदारसाहेब, या बाईंना डॉक्टरांनी...” मिर्ताबाई उठल्या.

“माझं सोडा, मला काळाचं भान नाही. या तपासनिसाला आहे. बाळ, बाई तुला अंगणात घेऊन आल्या तेव्हा त्या अनिसेतोबद्दल काय म्हणाल्या?”

तपासनिसानं फाइल छातीवरून खाली घेतली. “म्हणाल्या की... आजोबांना या वेळी गाढ झोप लागते, उठवूया नको. आणि ते तर डोळे वटारून बसले होते. मला वाटलं, यांच्यात काही थट्टा चालते.”

“या घरात तो माणूस कधी झोपत नाही म्हणून हिची तक्रार होती. मग त्या दिवशी न बघता कसं कळलं, की तो झोपलाय?”

अंगणात एक संत्रं गळून पडलं. अनिसेतोंना शपथ आणखी पाळवेना. “बाई,” ते म्हणाले, पण आवाज नदीपलीकडे जाण्याइतका नव्हता, “मला झोपवायचं होतं ना? मग मला सांगायचंत. मी डोळे मिटून पडलो असतो. ओतिलियासाठी मी ते केलं असतं.”

तेव्हा मिर्ताबाई फुटल्या. “मी कुणाला मारलं नाही! रोज देतो तेच थेंब. जरा जास्त, केवढा माणूस आहे तो! तासाभराची विश्रांती, बस. दोन बायकांच्या जोरावर हे सगळं घर चालवून बघा तुम्ही! हे म्हातारे जागे राहिले तर कोण बघणार त्यांच्याकडे? तुम्ही? तुमचं मंत्रालय?”

फौजदारांनी त्यांना नेलं ते या प्रश्नांचं उत्तर म्हणून नव्हे.

पण इर्मा त्यांच्याकडे बघत नव्हती. येसेनियाला सोडवायचं तर हे सगळं तिच्यासमोर बोलावं लागणार, हे तिला आदल्या दिवसापासून माहीत होतं. येसेनिया हातातल्या तुंबडीकडे बघत उभी होती. सगळा हिशोब तिच्यापर्यंत सावकाश पोचत होता.

“म्हणजे मी ओतलं नसतं... दुसऱ्या कुणी ओतलं असतं,” ती म्हणाली, “तर त्या...”

“हो,” इर्मा म्हणाली. खोटं बोलायचं वय तिचं कधीच नव्हतं.

५

मंत्रालयानं तात्पुरती संचालिका पाठवली. ती हसतमुख होती आणि तिनं पहिल्याच दिवशी न्हाणीघरांच्या दारांवर फुलांची चित्रं लावली. कड्या लावल्या नाहीत.

येसेनिया कामावर आली, चादरी बदलल्या, जेवण वाढलं. पण सकाळी कुणाच्या खोलीत आशीर्वाद मागायला गेली नाही. दुपारी अंगणात डॉन अनिसेतो डाव्या हातानं, अर्धं पाणी सांडत, माते ओतू लागले. ती लांब भिंतीशी उभी राहिली.

“इकडे ये,” इर्मा म्हणाली.

“नको, डोन्या. माझ्या हातानं...”

“तुझ्या हातानं काय झालं ते मला माहीत आहे. या घरात ओतिलियाची आंघोळ शेवटी, सूप शेवटी, दात उरले तर. इतक्या दिवसांत कुणी तिला एक वस्तू सगळ्यांच्या आधी दिली असेल, तर ती तूच.”

“त्यातच मेल्या त्या.”

“हो. तुंबडी हातात घेतल्यावर काय म्हणाली, आठवतं?”

येसेनियाला आठवत होतं. तिला तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. अनिसेतो ओरडले होते, “ओतिलिया, आज मूर्ख तू!” आणि ओतिलियानं दोन्ही हातांनी तुंबडी धरून, सगळ्यांकडे मिरवत बघून म्हटलं होतं, “असू दे! पहिली तर आहे!”

येसेनिया भिंतीपासून निघाली आणि येऊन ओतिलियाच्या खुर्चीत बसली. अनिसेतोंनी पहिला घोट स्वतः घेतला, तोंड वाकडं केलं, तुंबडी पुन्हा भरली आणि तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली, पण पिण्याआधी इर्माकडे वळून हलकेच म्हणाली, “आशीर्वाद द्या, डोन्या.”

“देव तुझं भलं करो,” इर्मा म्हणाली. तिचा देवावर विश्वास नव्हता, पण अधिकारक्षेत्र कुणाचं आहे हे तिला कळत होतं.

सहा वाजता नव्या संचालिका स्वतः ट्रे घेऊन आल्या. कप तेच, वाफ तीच, वास तोच गोड. “चला, आजी-आजोबा! डॉक्टरांनी सांगितलंय, दूध पिऊन आपण लवकर झोपायचं हं!”

संत्र्यांवर अजून ऊन होतं. इर्मानं कप उचलला, जिरेनियमकडे पाहिलं आणि यावेळी त्या बिचाऱ्याला त्रास द्यायचा नाही असं ठरवलं. तिनं भरलेला कप ट्रेवर परत ठेवला.

“ग्रासियास,” ती म्हणाली.

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. त्या इथल्याच होत्या.

“ग्रासियास,” डॉन अनिसेतो म्हणाले, आणि ते पलीकडच्या काठापर्यंत गेलं. मग व्हरांड्यातल्या बाकावरून एक बारीक आवाज आला, मग खिडकीतून दुसरा, मग दुसऱ्या कुणाच्या कवळीतून बोबडा तिसरा. एकेक कप ट्रेवर परत येत गेला. ट्रे जड होत गेला, आणि तो खाली ठेवायला जागा कुठे आहे, हे काही कुणी त्यांना सांगेना.